नव्वद फुटी रस्ता

मुंबईच्या उपनगरांत पत्ता फुटांत सांगतात. "नव्वद फुटीवर उतरा आणि साठ फुटीला वळा," असं सांगितलं की रिक्षावाला दुसरं काही विचारत नाही. घाटकोपर पूर्वेला नव्वद फुटी रस्ता आहे, मुलुंड पूर्वेला आहे, साकीनाक्याला आहे, कांदिवलीच्या ठाकूर कॉम्प्लेक्समध्येही आहे. अंधेरीत चार बंगल्याजवळ तर रस्त्याचं नावच डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता. पाटीवर एखाद्या थोर माणसाचं नाव असलं तरी लोकांच्या तोंडी बसली ती विकास आराखड्याच्या नकाशावर त्या रस्त्यापुढे लिहिलेली रुंदी. शहर नियोजनाचा एवढा कोरडा आकडा घरगुती बोलीत मुरल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

हे फूट नीट मोजून पाहू. ३० फूट म्हणजे ९.१४ मीटर. ४० फूट म्हणजे १२.१९ मीटर, ६० फूट म्हणजे १८.२९ आणि ९० फूट म्हणजे २७.४३. आता १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेली मुंबईची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली उघडा. जाणकार तिला 'डीसीपीआर २०३४' म्हणतात. तिच्या ३० क्रमांकाच्या नियमात एक तक्ता आहे. कोणत्या भूखंडावर किती बांधता येईल हे तो रस्त्याच्या रुंदीवरून ठरवतो आणि त्याच्या पायऱ्या आहेत ९, १२, १८ आणि २७ मीटर. म्हणजे आपले तीस, चाळीस, साठ आणि नव्वद फूट, मीटरमध्ये उतरवून शेपटाचे अपूर्णांक सोडून दिलेले. जुन्या नियोजकांनी फुटांत आखलेले रस्ते नव्या नियमांत मापं होऊन बसले. त्यामुळे उपनगरातल्या माणसाचा पत्ता आज त्याच्या इमारतीचं भवितव्यही सांगतो.

ते कसं, हे घाटकोपर किंवा बोरिवलीतल्या १,००० चौरस मीटरच्या एका भूखंडावरून पाहू. उपनगरांत मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, १ आहे: जितकी जमीन तितकं बांधकाम. समोरचा रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर २०१८ च्या मूळ तक्त्यानुसार गोष्ट इथेच संपते, १,००० चौरस मीटर. रस्ता नऊ मीटरचा झाला की सरकारला अधिमूल्य भरून आणखी ५०० आणि बाजारातून टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन ५००, असे २,००० होतात. बारा मीटरला २,२००, अठराला २,४०० आणि सत्तावीस मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्याला २,५००. या प्रत्येक आकड्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे अधिमूल्य भरून घ्यायचं वाढीव, क्षेत्र मिळतं. म्हणून वीस फुटी गल्लीतला भूखंड १,३५० वर अडतो, तीस फुटीवरचा २,७०० ला पोचतो आणि नव्वद फुटीवरचा ३,३७५ ला. सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी ३३(७)(ब) या नियमाखाली वेगळी भर मिळते: प्रत्येक सदनिकेमागे १० चौरस मीटर किंवा मूळ बांधकामाच्या १५ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. तक्त्यात आणि त्याच्या टिपांत नंतर बदल होत आले आहेत, पुढेही होतील. पण सगळ्याचा कणा रस्त्याची रुंदी हाच आहे.

यामागे सरळ कारण आहे. जास्त मजले म्हणजे जास्त माणसं, जास्त गाड्या, जास्त सांडपाणी, आणि आग लागली तर आत शिरणारा मोठा बंब. हे सगळं रस्त्यावरून किंवा रस्त्याखालून जातं. म्हणून इमारतीला किती वाढू द्यायचं हे रस्त्याला विचारायचं. तत्त्व म्हणून मला ते पटतं. अडचण अशी की आपले रस्ते ज्यांनी आखले त्यांच्या डोळ्यांपुढे दुमजली बंगले होते.

ते आखणारे कोण होते, ते थोडं पाहू. १८९६ च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून रस्ते काढण्याचं काम सुरू झालं. पण वस्ती झाल्यावर रस्ता काढणं महाग पडतं, आधी रस्ता आणि मग वस्ती हेच शहाणपणाचं, या विचारातून १९१५ चा मुंबई नगररचना कायदा आला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला. त्याखाली साष्टीच्या भातशेतांवर नगररचना योजना आखल्या गेल्या. विलेपार्ले, सांताक्रूझ, बोरिवली, घाटकोपर इथल्या जुन्या कागदांवर आजही 'टीपीएस' आणि 'अंतिम भूखंड क्रमांक' दिसतो तो तिथून आलेला. पद्धत अशी होती: वेड्यावाकड्या शेतांच्या सीमा नकाशावर पुसायच्या, रस्त्यांना आणि मोकळ्या जागांना लागणारी जमीन सगळ्यांकडून थोडी थोडी काढून घ्यायची आणि उरलेली नव्याने, काटकोनात कापून मूळ मालकांना परत द्यायची. प्रत्येकाची जमीन आकाराने घटली, पण तिला रस्ता लागला आणि मोल वाढलं. वाढलेल्या मोलाचा काही हिस्सा योजनेच्या खर्चासाठी वसूल व्हायचा. एकाचं घर पाडून दुसऱ्याला वाट देण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून वाट सोडायची. ही मला आपल्या नियोजनाच्या इतिहासातली फार मोलाची कल्पना वाटते आणि ती मागे पडली याचं वाईट वाटतं. मुलुंड पश्चिमेला स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत चालत गेलं तर १९२२ च्या सुमारास क्राउन आणि कार्टर या वास्तुविशारदांनी आखलेली चौकटीची रचना आजही पायांना कळते.

अंधेरी-घाटकोपरचा पट्टा १९५० मध्ये आणि बोरिवली-मुलुंडचा १९५७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आला. १९६४ च्या सुमारास एफएसआय हा शब्द मुंबईत अवतरला, १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, म्हणजे एमआरटीपी, झाला आणि १९६७ मध्ये शहराचा पहिला विकास आराखडा मंजूर झाला. दुसरा आला १९९१ मध्ये. त्याने टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, आणला. तुमच्या जागेवर मैदानाचं आरक्षण आहे, महापालिकेकडे ती विकत घ्यायला पैसे नाहीत, तर पैशांऐवजी बांधकामाचा हक्क कागदावर घ्या आणि दुसरीकडे वापरा किंवा विका. कल्पना चतुर होती. पण दक्षिणेकडच्या जुन्या शहरात तयार झालेले हे हक्क शहरात वापरायला बंदी होती, ते उतरायचे उपनगरांत. बोरिवली, अंधेरी, मुलुंडच्या बंगल्यांसाठी आखलेल्या गल्ल्यांत सात आणि अकरा मजली इमारती उभ्या राहिल्या त्या यातून. गल्लीखालची गटारं आणि जलवाहिन्या मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत.

एमआरटीपी कायद्याचं ३८ वं कलम सांगतं की वीस वर्षांतून एकदा तरी आराखडा नव्याने तपासला पाहिजे. त्यासाठी आधी आहे त्या जमिनीचा नकाशा करायचा: कुठे शाळा, कुठे दवाखाना, कुठे घरं, कुठे गोदाम. याला विद्यमान भू-वापर नकाशा म्हणतात. तो कंटाळवाणा वाटतो आणि सगळे त्याला पायरी समजून ओलांडतात. मुंबईने २०१४-३४ चा आराखडा करायला घेतला तेव्हा ही पायरीच मोडली. २०१२ च्या अखेरीस हे नकाशे लोकांसमोर आले आणि अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांनी व वॉर्डावॉर्डातल्या नागरिकांनी त्यांतल्या चुका शोधायला सुरुवात केली. 'हमारा शहर विकास नियोजन अभियान' या नावाखाली वस्त्या, कामगार आणि महिला संघटनाही एकत्र आल्या. झोपडपट्टीत राहणारी लाखो माणसं नकाशावर नीट दिसत नाहीत, गावठाणं आणि कोळीवाडे पुसट होतात, फेरीवाला तर कुठेच नसतो, हा त्यांचा मुद्दा होता. त्याचं महत्त्व पुढे सगळ्यांना कळलं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि वॉर्ड कार्यालयांत त्याचे तक्ते लागले. त्या दिवसांत त्या तक्त्यांसमोर उभी राहणारी माणसं मी पाहिली आहेत. आधी स्टेशन शोधायचं, मग रेल्वेच्या रुळांवरून बोट सरकवत आपली गल्ली, मग आपली इमारत. कुणाच्या बोटाखाली पिवळा रंग यायचा, म्हणजे निवासी, आणि माणूस सुस्कारा टाकायचा. कुणाच्या इमारतीवरून रस्त्याच्या दोन रेघा गेलेल्या असायच्या. राहत्या सोसायट्या, प्रार्थनास्थळं, वारसा इमारती यांच्यावर रस्ते किंवा आरक्षणं पडली होती. आरेच्या हिरव्या पट्ट्यात बांधकामाला वाट करून दिली होती. स्थानकांच्या आसपास ८ पर्यंत एफएसआय सुचवला होता. ५० हजारांहून अधिक सूचना-हरकती दाखल झाल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मसुदा रद्द करून चुका दुरुस्त करायला सांगितलं.

सहा-सात वर्षांचं काम कोसळलं, अशी तेव्हा खंत होती. माझं मत वेगळं आहे. उपनगरांतल्या लोकांनी आपल्या शहराचा नकाशा एवढ्या संख्येने बोट ठेवून वाचला, असं त्याआधी झालेलं नव्हतं. दुसऱ्या फेरीचं काम निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्याकडे गेलं. त्या वेळी शाळा, मैदानं, मंड्या यांच्या नोंदी आधी वॉर्डनिहाय पुन्हा तपासल्या, मग रस्ते, मग नियम, असं टप्प्याटप्प्याने लोकांसमोर ठेवलं. २७ मे २०१६ ला सुधारित मसुदा आला, हरकतींवर नियोजन समितीने सुनावण्या घेतल्या, २०१७ मध्ये महापालिका सभागृहाने तो मंजूर करून राज्याकडे पाठवला आणि मे २०१८ मध्ये राज्याची मंजुरी जाहीर झाली. तीही दोन तुकड्यांत. राज्याने ज्या भागांत मोठे बदल केले ते कायद्याने पुन्हा हरकतींसाठी ठेवावे लागतात. त्याला 'वगळलेला भाग' म्हणतात आणि तो मागाहून मंजूर झाला. २०१४ पासूनच्या वीस वर्षांसाठीचा आराखडा अशा रीतीने २०१८ च्या सप्टेंबरात कामाला लागला.

आराखडा मंजूर झाला म्हणून जमिनीवर एक वीटही हलत नाही. हलते ती कुणीतरी अर्ज केल्यावर. आणि अर्जाची वाट हे या विषयाचं सर्वांत कमी समजावून सांगितलेलं अंग आहे.

सोसायटीने पुनर्विकासाचं ठरवलं की पहिला कागद म्हणजे नगर भूमापन कार्यालयातलं मालमत्ता पत्रक, ज्यावर सीटीएस क्रमांक असतो. त्या क्रमांकावर महापालिकेकडून डीपी रिमार्क मागवायचा. रिमार्कमध्ये झोन, आरक्षण, रस्त्याची रुंदी आणि रस्तारेषा कळते. तो आता घरबसल्या मिळतो. मग परवानाधारक वास्तुविशारद इमारत प्रस्ताव विभागात नकाशे सादर करतो आणि पहिलं उत्तर येतं ते 'आयओडी'. या अक्षरांचा अर्थ कळल्यावर माणसं दचकतात, कारण मराठीत तो होतो नामंजुरीची सूचना. परवानगी मागायला गेलेल्या माणसाच्या हातात नामंजुरी, आणि तरीही सोसायटीत पेढे! याचं मूळ १८८८ च्या महापालिका कायद्यात आहे. त्या कायद्याची धारणा अशी की जमीन तुमची, बांधायचा विचार तुम्ही ३३७ कलमाखाली कळवायचा, आणि तीस दिवसांत आयुक्तांनी लेखी नामंजुरी कळवली नाही तर काम सुरू करायचं. म्हणून पालिकेचं उत्तर नामंजुरीच्या भाषेत लिहिलं जाई: या अटी पूर्ण होईपर्यंत नामंजूर. त्या अटी पुऱ्या केल्या की एमआरटीपीखाली प्रारंभ प्रमाणपत्र, सीसी. जोतं तपासल्यावर पुढची सीसी. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, ओसी. एमआरटीपीच्या ४५ व्या कलमातही मुदत आहे: साठ दिवसांत उत्तर नाही तर, प्रस्ताव नियमांत बसत असेल तर, परवानगी मिळाली असं मानायचं. मानीव परवानगीवर इमारत बांधायला मात्र कुणी धजावत नाही, कारण पुढे पाण्याच्या जोडणीला आणि ओसीला त्याच दारात जायचं असतं.

या वाटेवर कुठे काय मुरत होतं ते ६ जानेवारी २०१२ च्या नियमबदलाने उघड केलं. तोवर बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे असं बरंच काही एफएसआयमध्ये मोजलं जात नसे. नकाशात खिडकीखाली दीड-दोन फुटांचा फ्लॉवर बेड दाखवायचा, ताबा मिळाल्यावर तो खोलीत घ्यायचा आणि ग्राहकाकडून त्याचे पैसे घ्यायचे, हे उपनगरभर चाललं होतं. त्या काळच्या सदनिकांच्या खिडक्यांत आजही ही वाढीव पट्टी दिसते. कोणाला किती सूट द्यायची हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. आयुक्त सुबोध कुमार यांच्या काळात हे सगळं एफएसआयमध्ये धरायचं ठरलं आणि त्या बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल क्षेत्र उघडपणे, नियमाने, अधिमूल्य घेऊन देण्यात आलं. पुनर्विकासात जुन्या रहिवाशांना ते अधिमूल्याशिवाय मिळतं. गेल्या काही दशकांतल्या नियमबदलांत मला हा सर्वांत प्रामाणिक वाटतो. किती एफएसआय दिला यापेक्षा तो कुणाला विचारून मिळतो, हा प्रश्न त्याने ऐरणीवर आणला.

त्यानंतर नकाशे संगणकाने तपासायची ऑटोडीसीआर प्रणाली आली, आणि शुल्क व ना-हरकत दाखले एका खिडकीत आणण्याचे प्रयत्न झाले. यंत्र मोकळ्या जागा मोजतं, क्षेत्रफळाची बेरीज करतं, ती चुकत नाही. पण रस्ता ९ मीटरचा की ८.७ चा, भूखंडाची मालकी निर्विवाद की नाही, हे अजून माणूसच लिहितो.

शिवाय डीसीपीआर हे एकच पुस्तक नाही. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीच्या हद्दीत एमआयडीसी नियोजन प्राधिकरण आहे. झोपडपट्टीसाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए. पंतनगर, डी. एन. नगर, कन्नमवार नगर अशा म्हाडा वसाहतींत २०१८ पासून म्हाडा. मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्यात पाऊल टाकलं की पुस्तकच बदलतं. तिथे डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित नियमावली, यूडीसीपीआर, चालते आणि मुंबई तिच्यातून वगळलेली आहे. घाटकोपर, कुर्ला, विलेपार्ल्यात विमानतळाची उंचीमर्यादा या सगळ्यांच्या वर बसते. रस्ता कितीही रुंद असो, विमान खाली येत असेल तर एफएसआय कागदावरच राहतो.

मुलुंडकरांना तर याचा सर्वांत कडू अनुभव आला. आराखड्यात पिवळी असलेली, पालिकेने नकाशे मंजूर केलेली जमीन एके दिवशी महसुली नोंदीत 'खासगी वन' निघाली. १९५० च्या दशकात भारतीय वन कायद्याच्या ३५ व्या कलमाखाली निघालेल्या नोटिसा आणि १९७५ चा खासगी वने संपादन कायदा यांच्या जोडीतून सरकार म्हणालं की ही जमीन तेव्हापासूनच वनाची आहे. मार्च २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारची बाजू मान्य केली. मुलुंड, भांडुप, बोरिवली, कांदिवलीतल्या हजारो कुटुंबांची घरं विकता येईनात, त्यांवर कर्ज मिळेना. ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइसच्या प्रकरणात तो निकाल फिरवला. नुसती नोटीस काढून, ती अंतिम न करता, पन्नास वर्षांनी जमीन वन ठरवता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. या कुटुंबांची कोणतीही चूक नव्हती. एका सरकारी दप्तराने दुसऱ्या सरकारी दप्तरात काय लिहिलं आहे ते पाहिलं नव्हतं.

आरक्षणांचंही असंच. नकाशावर हिरवं मैदान रंगवलं की मैदान झालं असं आपण धरून चालतो. एमआरटीपी कायद्याच्या १२७ व्या कलमानुसार दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा झाली, आता चोवीस आहे. दोन्ही जुन्या आराखड्यांतल्या आरक्षणांचा मोठा भाग ताब्यात आलाच नाही. नागरिकाने नव्या आराखड्यात आपल्या वॉर्डातली कोणती मैदानं शिल्लक आहेत ते सीटीएस क्रमांकासह लिहून ठेवावं, इतकं हे कलम महत्त्वाचं आहे.

पुन्हा त्या वीस फुटी गल्लीकडे येऊ. तिथल्या सोसायटीला नऊ मीटर हवेत आणि रस्ता आहे सहाचा. उपाय कायद्यात आहे: रस्तारेषा दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर मागे सरकवायची, पुनर्विकास करणाऱ्याने तेवढी पट्टी सोडायची, आणि तिचा एफएसआय त्याला उरलेल्या जागेवर द्यायचा. शंभर वर्षांपूर्वी नगररचना योजनेत जे सगळ्यांनी एका दिवशी केलं, ते आता एकेका सोसायटीने आपापल्या वेळी करायचं. विलेपार्ले किंवा घाटकोपरच्या अशा गल्लीत उभं राहिलं की ते डोळ्यांना दिसतं. तोंडाशी नवी इमारत आहे, तिची भिंत मागे गेली आहे आणि रस्ता ऐसपैस आहे. पुढच्या दोन सोसायट्यांच्या सभा अजून संपलेल्या नाहीत, त्यांच्या भिंती जुन्या जागी आहेत, आणि तिथे गल्ली पुन्हा आखडते. मग एक नवी, मग एक जुनी. करवतीच्या दात्यांसारखी ही कड आहे. रुंद झालेल्या तुकड्यांत गाड्या उभ्या राहतात, कारण तिथून पुढे कुठे जाताच येत नाही.

गल्लीच्या टोकाला शेवटची सोसायटी आहे. तिने आपल्या वाटणीचा दीड मीटर कधीच सोडून दिला आहे आणि तिचे रहिवासी मधल्या दोघांची वाट पाहत आहेत.